व्हेरिएबल दिलंय, तरी बिल्ड ऐकत का नाही? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सोर्समधून सॉफ्टवेअर कंपाइल करण्याबद्दल बरीच पत्रं आली आणि त्यातली बरीचशी एकाच जागी अडकलेली, की ताई व्हेरिएबल सेट केलंय, एको करून बघितलं तर टर्मिनलमध्ये दिसतंय पण, आणि तरी एरर जशीच्या तशी. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकलेत. एक आठवण, कमांड आपण इथे देवनागरीत छापतो, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, व्हेरिएबलची नावं सगळी कॅपिटल आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यात आमच्या गावचं वाचनालय सांभाळतो. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून त्यांचा मजकूर करायचा म्हणून टेसरॅक्ट घ्यायचं ठरवलं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४ आहे, त्यात टेसरॅक्ट ४.१.१ मिळतं आणि मला ५ पाहिजे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते एकदा येऊन कंपायलर वगैरे टाकून गेले, आता लवकर येणार नाहीत, म्हणून सगळं माझ्या होम फोल्डरमध्येच करतोय. टेसरॅक्टला लागणारी इमेजची लायब्ररी लेप्टोनिका १.८२ कंपाइल झाली, होममधल्या 'लोकल' नावाच्या फोल्डरमध्ये बसली. पण टेसरॅक्टचं कॉन्फिगर म्हणतं की लेप्टोनिका १.७४ किंवा पुढची पाहिजे! सीफ्लॅग्जमध्ये पाथ दिला, एलडी लायब्ररी पाथ दिला, दोन्ही बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडलं की आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, पण टाकून ठेवलं. तीन दिवस झाले, फाइल डोळ्यांसमोर आहे आणि ते म्हणतं नाही.

उत्तर: गुरुजी, लेप्टोनिका तुम्ही नीट बसवलीये, चूक तिथे नाहीच. तुम्ही जी दोन व्हेरिएबल दिली ती दोन्ही खरी आहेत, फक्त त्यांची वेळ वेगळी आहे आणि कॉन्फिगरने ज्या वेळी विचारलं तेव्हा ती दोन्ही कुणी वाचतच नव्हतं.

असं बघा. सोर्सपासून चालणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत चार टप्पे असतात. आधी कॉन्फिगर तुमच्या मशीनवर काय काय आहे याची चौकशी करतं, मग कंपायलर एकेक सोर्स फाइल घेऊन तिची ऑब्जेक्ट फाइल करतो, मग लिंकर त्या सगळ्या एकत्र जोडतो, आणि शेवटी तुम्ही प्रोग्रॅम चालवता तेव्हा लोडर शेअर्ड लायब्ररी शोधून आणतो. सीफ्लॅग्ज दुसऱ्या टप्प्याचं, आणि ते पण फक्त सी भाषेच्या फाइलींसाठी. लेप्टोनिका सी मध्ये लिहिलेली आहे म्हणून तिला सीफ्लॅग्ज लागू पडतं, टेसरॅक्ट सी प्लस प्लसमध्ये आहे, त्याचं व्हेरिएबल सीएक्सएक्सफ्लॅग्ज. म्हणजे तुम्ही टेसरॅक्टसाठी दिलेला पाथ त्याच्या सोर्सपर्यंत पोचलाच नसता. आणि एलडी लायब्ररी पाथ तर पार चौथ्या टप्प्याचं, लोडरचं. तुमची एरर पहिल्या टप्प्यातली आहे.

पहिल्या टप्प्यात टेसरॅक्टचं कॉन्फिगर लेप्टोनिकाची चौकशी पीकेजी-कॉन्फिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे करतं, आणि तो प्रोग्रॅम लायब्ररीची फाइल शोधतच नाही, तो तिची चिठ्ठी शोधतो. तुमच्या लोकल फोल्डरमध्ये लिब, त्यात पीकेजीकॉन्फिग, त्यात लेप्ट डॉट पीसी अशी फाइल असेल, ती साध्या एडिटरमध्ये उघडून बघाच. वीसेक ओळी पण नसतील. वरती प्रीफिक्स म्हणून तुमच्या फोल्डरचा पाथ, खाली व्हर्जन १.८२.०, मग एक ओळ लिब्जची त्यात डॅश कॅपिटल एल आणि लायब्ररीचं फोल्डर, आणि एक ओळ सीफ्लॅग्जची त्यात डॅश कॅपिटल आय आणि हेडरचं, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइलींचं, फोल्डर. टेसरॅक्टला पाहिजे ते सगळं त्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे, फक्त ती चिठ्ठी सिस्टीमच्या नेहमीच्या जागी नसल्यामुळे सापडत नाही. ती जागा सांगायचं व्हेरिएबल म्हणजे पीकेजी कॉन्फिग पाथ.

आधी खात्री करून घ्या. टर्मिनलमध्ये ते व्हेरिएबल 'डॉलर होम/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग' असं देऊन त्याच ओळीत पुढे 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट' लिहा. १.८२.० असं उत्तर आलं की काम झालं समजा. मग टेसरॅक्टच्या फोल्डरमध्ये आधी ऑटोजेन ही स्क्रिप्ट चालवून कॉन्फिगर द्या, आणि व्हेरिएबल कॉन्फिगरच्या पुढे लिहा, म्हणजे कॉन्फिगर, मग --प्रीफिक्स=डॉलर होम/लोकल, मग त्याच ओळीत पीकेजी कॉन्फिग पाथ=आणि तो पाथ. असं लिहिलं की कॉन्फिग डॉट लॉगच्या सुरुवातीलाच तुमची पूर्ण ओळ छापून राहते, आणि सहा महिन्यांनी परत बिल्ड करायची वेळ आली की 'मी तेव्हा काय दिलं होतं' हे तिथून उचलता येतं. बॅशआरसीमधलं एक्सपोर्ट असं कुठे दिसत नाही, ते विसरलं जातं आणि मग दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोजेक्टमध्ये उगवतं. म्हणून त्या दोन ओळी आज काढून टाका.

पाथ लिहिताना होमसाठी ते लाटेसारखं चिन्ह, टिल्डा, वापरू नका. 'डॅश डॅश प्रीफिक्स बरोबर' च्या पुढे चिकटून आलेला टिल्डा बॅश उलगडत नाही आणि कॉन्फिगर म्हणतं पूर्ण पाथ द्या. डॉलर होम लिहिलं की प्रश्न नाही.

अजून एक, हे मला तुमच्या स्कॅनिंगमुळे आवर्जून सांगावंसं वाटतं. लेप्टोनिका कंपाइल करताना पीएनजी, जेपेग, टिफ या इमेजच्या लायब्ररींची हेडर सापडली नाहीत तर ती थांबत नाही, त्यांच्याशिवाय तशीच पूर्ण होते. मग सगळं बसतं, टेसरॅक्ट चालू होतं, आणि पहिलं पान दिलं की ते म्हणतं इमेज वाचता येत नाही. टेसरॅक्ट बसलं की 'टेसरॅक्ट --व्हर्जन' करून बघा, लेप्टोनिकाच्या खाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ अशी नावं यायला पाहिजेत, तुमचे स्कॅन ज्या फॉरमॅटचे असतील ते नाव तिथे नसेल तर लेप्टोनिका परत करावी लागेल. परत करताना कॉन्फिगरला --विथ-लिबपीएनजी असं स्पष्ट सांगा, मग ती न सापडल्यास तिथेच थांबते, शेवटपर्यंत जाऊन फसवत नाही. आणि हेडरच नसतील तर पासवर्डवाल्यांना एकदा बोलवावंच लागेल, तेव्हा कागदावर यादी तयार ठेवा, लिबपीएनजी-डेव्ह, लिबजेपेग-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह. ते येणारच असतील तर त्यांना लिबलेप्टोनिका-डेव्ह पण टाकायला सांगा, २२.०४ मध्ये ती १.८२ च आहे, मग घरची लेप्टोनिका आणि पीकेजी कॉन्फिग पाथ दोन्हींची गरज उरणार नाही.

मराठीची डेटा फाइल 'एमएआर डॉट ट्रेन्डडेटा' वेगळी आणून लोकलमधल्या शेअर/टेसडेटामध्ये ठेवायची. ती दुसरीकडे ठेवली तर टेसडेटा प्रीफिक्स हे व्हेरिएबल लागतं, हे चालवतानाचं. जुन्या ३ च्या सूचना वाचून त्यात टेसडेटाच्या वरचं फोल्डर देऊ नका, ४ पासून पुढे थेट टेसडेटा फोल्डरच द्यायचं असतं.

प्रश्न: ताई मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जीएसएल ही गणिताची लायब्ररी होममध्ये बसवली आणि मेकफाइल, म्हणजे मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सूचनांची फाइल, स्वतः लिहिली. कंपाइल होतं, लिंक पण होतं, प्रोग्रॅम चालवला की 'शेअर्ड लायब्ररी लोड करताना एरर, फाइल उघडता येत नाही'. मित्र म्हणतो एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीत टाक, विषय संपव. टाकू का?

उत्तर: नको टाकूस. तुझा प्रोग्रॅम चालेल, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागेल, मी मोजलीये. एका कामासाठी मी होममध्ये ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी जुन्या व्हर्जनची बसवली होती आणि हेच केलं होतं, बॅशआरसीत एक ओळ. काम झालं, विसरून गेले. काही महिन्यांनी सिस्टीम अपडेट केली आणि दुसऱ्या दिवशी एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम, बंद, म्हणे ओपनएसएसएलचं व्हर्जन जुळत नाही. मी एसएसएच काढून परत टाकलं, लॉगिनच्या किल्ल्या बदलून बघितल्या, सर्व्हरवाल्यांना फोन केला, त्या बिचाऱ्यांनी त्यांच्या बाजूने सगळं तपासलं. संध्याकाळी सहज 'एनव्ही' कमांड देऊन सगळी व्हेरिएबल वाचत होते तेव्हा ती ओळ दिसली. एलडी लायब्ररी पाथ एका प्रोग्रॅमपुरतं नसतं, त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला ते आधी तुझ्या फोल्डरमध्ये बघायला लावतं. माझं एसएसएच नव्या लायब्ररीसाठी बांधलेलं होतं आणि हातात पडत होती माझी जुनी.

तू लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅमच्या आतच लिहून ठेव. एलडीफ्लॅग्जमध्ये तू डॅश कॅपिटल एल देऊन लिंकरला फोल्डर दाखवलंस ते बरोबर आहे, पण ते लिंक करतानापुरतंच, लिंकर ते प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवत नाही. त्यासाठी त्याच ओळीत '-डब्ल्यूएल,-आरपाथ,' आणि पुढे तोच पाथ द्यायचा, स्वल्पविरामांच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. बिल्ड झाल्यावर 'एलडीडी' आणि प्रोग्रॅमचं नाव दे, जीएसएलच्या ओळीसमोर 'नॉट फाउंड' च्या जागी तुझ्या होमचा पाथ आला की झालं. एखाद वेळी नुसतं करून बघायचं असेल तर एलडी लायब्ररी पाथ त्या एका कमांडच्या आधी त्याच ओळीत लिही, तेवढ्यापुरतं लागू होतं आणि संपतं.

मेकफाइलमध्ये मात्र एका गोष्टीकडे लक्ष दे, डॉलर होम असं शेलसारखं लिहिलंस तर मेक त्यातलं फक्त 'एच' हे व्हेरिएबल समजतो, ते रिकामं असतं, आणि तुझा पाथ 'ओएमई/लोकल/लिब' असा होऊन बसतो. कंसात होम लिहायचं, डॉलर मग कंस. बिल्डच्या आउटपुटमध्ये कुठे ओएमई दिसलं की कारण हेच. आणि डॅश एल जीएसएल, डॅश एल जीएसएलसीब्लास ही नावं एलडीफ्लॅग्जमध्ये कोंबू नकोस, ती एलडीलिब्जमध्ये. मेकच्या स्वतःच्या नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतं आणि एलडीलिब्ज नंतर, आणि लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, लायब्ररी आधी आली की अजून कुणी काही मागितलेलंच नसतं म्हणून तो ती सोडून देतो, मग शेवटी अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लागते. ऑटोकॉन्फच्या, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट असलेल्या, प्रोजेक्टमध्ये याच कामाचं नाव लिब्ज आहे, दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं.

प्रश्न: कोल्हापूरहून लिहितोय. आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनचा डेटा वाचणारा एक जुना सी प्रोग्रॅम आहे, साधी हाताने लिहिलेली मेकफाइल. प्रोग्रॅम जास्त ऑप्टिमाइझ व्हावा म्हणून सीफ्लॅग्ज ओ-३ असं एक्सपोर्ट केलं तर मेक ढुंकूनही बघत नाही, ओ-२ नेच कंपाइल करतो. 'मेक' शब्दाच्या पुढे सीफ्लॅग्ज लिहिलं तर मग हेडर सापडत नाही म्हणतो. दोन्हीकडून अडलं.

उत्तर: दोन्ही वेळेला मेक नियमानेच वागतोय भाऊ. मेकचा मानक्रम ठरलेला आहे, कमांडच्या ओळीवर दिलेलं सगळ्यात वरचं, त्याखाली मेकफाइलमध्ये लिहिलेलं, आणि सगळ्यात खाली बाहेरून एक्सपोर्ट केलेलं. मेकफाइलमध्ये 'सीफ्लॅग्ज = डॅश ओ-२' असं लिहिलेलं असणार, त्यामुळे तुमचं एक्सपोर्ट तिथे हरलं. कमांडवर दिलं तेव्हा ते जिंकलं, पण इतकं जिंकलं की मेकफाइलमध्ये खाली जिथे 'सीफ्लॅग्ज +=' करून हेडरचं फोल्डर जोडलं असेल ती ओळ पण मेकने बाजूला ठेवली. म्हणून हेडर गेलं.

आत्तापुरतं करायचं असेल तर कमांडवर पूर्ण यादी द्या, ओ-३ आणि मेकफाइलमध्ये जे जे जोडलंय ते सगळं, अवतरणात. पण मेकफाइल तुमच्या हातातली आहे तर ती दुरुस्तच करा. प्रोग्रॅमला जे लागतंच, हेडरची फोल्डरं, शेअर्ड लायब्ररी असेल तर तिला लागणारा एफपीआयसी हा फ्लॅग, ते वेगळ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, कंपाइलच्या ओळीत आधी ते आणि मग सीफ्लॅग्ज, आणि सीफ्लॅग्जला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह लावा, म्हणजे बाहेरून दिलं असेल तर ते घे, नाहीतर ओ-२. मेकफाइल तयार करून देणारं ऑटोमेक हेच करतं, प्रोजेक्टचं स्वतःचं एएम सीफ्लॅग्जमध्ये आणि सीफ्लॅग्ज मोकळं, कारण ते नाव कंपाइल करणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेलं आहे. मला ही पद्धत फार योग्य वाटते. मशीन तुमचं, प्रोग्रॅम कसा बांधायचा हे तुम्ही ठरवणार, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेवढी जागा सोडलीच पाहिजे.

हाच न्याय ऑटोकॉन्फला लावताना थोडं जपा. तुम्ही सीफ्लॅग्ज दिलं नाही तर जीसीसी हा कंपायलर असताना कॉन्फिगर स्वतःहून 'डॅश जी डॅश ओ-२' धरतं, आणि दिलंत की ते पूर्ण बदलतं. नुसता हेडरचा पाथ सीफ्लॅग्जमध्ये टाकणारे बरेच जण नकळत ओ-२ घालवून बसतात आणि मग प्रोग्रॅम संथ का चालतो ते कळत नाही. हेडरच्या पाथसाठी सीपीपीफ्लॅग्ज आहे, ते वापरा. त्यातला पीपी प्रीप्रोसेसरचा, सी प्लस प्लसचा नाही.

आणि फ्लॅग बदलल्यावर मेक क्लीन करायला विसरू नका. मेक फाइलींच्या वेळा बघतो, सोर्स ऑब्जेक्टपेक्षा नवा नसेल तर हातच लावत नाही, तुम्ही फ्लॅग बदललेत हे त्याला कळायला मार्गच नाही. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिला तेव्हापासून याचं काम वेळा बघूनच चालतं.

प्रश्न: ताई, मी मूळची पुण्याची, सध्या जर्मनीत पीएचडी करते. क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक मशीनच्या, लॉगिन मशीनवर -मार्च=नेटिव्ह देऊन कोड कंपाइल केला, तिथे छान चालतो, जॉब टाकला की 'इललीगल इन्स्ट्रक्शन' येऊन बंद पडतो, आणि ते पण कधी कधीच.

उत्तर: नेटिव्हचा अर्थ 'आत्ता कंपायलर ज्या मशीनवर बसलाय तो प्रोसेसर'. तुझं लॉगिन मशीन नवं असणार आणि आतले काही नोड, म्हणजे जॉब चालवणारी मशीन, जुने, जॉब जुन्या नोडवर पडला की त्याला माहीतच नसलेली सूचना समोर येते आणि तो थांबतो, म्हणून कधी कधी. लॉगिनवर आणि आतल्या नोडवर 'एलएससीपीयू' चालवून फ्लॅग्जच्या ओळी शेजारी शेजारी ठेव, बहुधा एव्हीएक्स ५१२ या नव्या प्रोसेसरमधल्या सूचनांची नावं एकीकडे असतील आणि दुसरीकडे नसतील. मार्चला नेटिव्हच्या जागी सगळ्यात जुन्या नोडला झेपेल तेच नाव दे. जीसीसी ११ पासून 'एक्स८६-६४-व्ही३' असं चालतं, त्यात एव्हीएक्स २ पर्यंत येतं. नाहीतर कंपाइलच जॉब म्हणून टाक, पण मग तो जॉब नेहमी त्याच प्रकारच्या नोडवर चालवायचं बंधन आलं. आणि तुझ्या कोडला लागणाऱ्या लायब्ररी तू स्वतः नेटिव्ह देऊन बांधल्या असशील तर त्या पण परत कराव्या लागतील, नुसता आपला कोड बदलून ही एरर जात नाही.

प्रश्न: मोबाइलवर मित्राने पाठवलेली कॉन्फिगरची ओळ जशीच्या तशी पेस्ट केली, एकही अक्षर बदललं नाही. त्याच्याकडे चालते, माझ्याकडे कॉन्फिगर ऑप्शनच ओळखत नाही.

उत्तर: मेसेजमधून येताना दोन छोट्या डॅशचा मिळून एक लांब डॅश झालेला असतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. बघायला सारखंच दिसतं, शेलला ती वेगळी अक्षरं आहेत. ओळ टर्मिनलमध्ये आणा आणि एकेक डॅश, एकेक अवतरणचिन्ह आपल्या कीबोर्डने खोडून परत टाइप करा. तेवढ्यात हे पण बघून घ्या की व्हेरिएबलच्या नावाला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून किंमत आहे ना, मध्ये जागा सुटली की शेल व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजून 'कमांड नॉट फाउंड' म्हणतो. मित्राला सांगा पुढच्या वेळी ओळ टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करून ती फाइल पाठव.